गावातला बर्फ मोजायचा कसा आणि त्याची नोंद ठेवायची कशी

बर्फाळ भागातल्या छोट्या गावात राहत असाल तर एक गोष्ट लक्षात आलीच असेल, की बातम्यांमध्ये किंवा फोनवरच्या अ‍ॅपमध्ये "काल इतका बर्फ पडला" असा जो आकडा येतो तो तुमच्या गावाचा नसतोच मुळी. तो असतो जवळच्या मोठ्या शहराच्या एअरपोर्टचा, नाहीतर कुठल्यातरी कॉम्प्युटर मॉडेलने काढलेला अंदाज. आणि बर्फाचं असं आहे की दहा किलोमीटरवर चित्र पूर्ण बदलतं, उंचीत शंभर-दोनशे मीटरचा फरक पडला की एकीकडे नुसता पाऊस आणि दुसरीकडे घोटाभर बर्फ, मोठ्या तळ्यावरून वारा ज्या दिशेला जातो तिकडचं गाव अख्खं गाडलं जातं आणि शेजारच्या गावात चक्क ऊन असतं. म्हणजे तुमच्या गावात काय झालं हे गावातल्याच कुणीतरी मोजून लिहिलं नाही तर ते कुठेच राहत नाही. दहा वर्षांनी लोक फक्त "त्या वर्षी लई पडला होता" एवढंच म्हणणार.

मोजणं अवघड अजिबात नाही, फार खर्चाचंही नाही. पण त्याची एक शिस्त आहे आणि ती पहिल्या दिवसापासून पाळली तरच आकड्याला किंमत. किती बर्फ पडला यापेक्षा तो कुठे, कधी आणि कसा मोजला हे जास्त महत्त्वाचं, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप येतं.

सगळ्यात आधी बोर्ड. साधारण 40 सेंटिमीटर बाय 40 सेंटिमीटरचा प्लायवूडचा तुकडा घ्या, थोडा मोठा असला तरी चालेल, आणि त्याला पांढरा रंग द्या. रंग पांढराच हवा, कारण गडद पृष्ठभाग उन्हात तापतो, मग पहिला थर खालूनच वितळायला लागतो. गवतावर थेट मोजायचं नाही, बर्फ गवताच्या पात्यांवर अडकून राहतो आणि खाली पोकळी असते, त्यामुळे पट्टी रोवली की आकडा फुगून येतो. काँक्रीट सीझनच्या सुरुवातीला अजून गरम असतं, तिथे उलटं होतं, पडलेला वितळून जातो. लाकडी डेकला खालून हवा लागते, गाडीचं बॉनेट आणि कुंपणाची भिंत यांचं तर नावच काढू नका, तरी दर हिवाळ्यात निम्मे लोक तिथेच पट्टी लावून फोटो टाकतात.

जागा निवडताना थोडा वेळ घालवा, कारण ती पुढे वर्षानुवर्षं बदलायची नाहीये. मोकळी जागा हवी, पण वाऱ्याच्या अगदी तोंडावरची नको. घर, झाड, शेड यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, म्हणजे 5 मीटर उंचीचं घर असेल तर 10 मीटर लांब. छपरावरून घसरलेला बर्फ किंवा रस्ता साफ करणाऱ्या गाडीने उडवलेला बर्फ तिथे येत नाही ना हे बघा. बोर्डच्या शेजारी एक उंच काठी रोवा आणि वर रंगीत कापड बांधा, नाहीतर रात्रीत 30 सेंटिमीटर पडल्यावर सकाळी बोर्ड शोधत फिरताना सगळा थर तुडवला जातो.

आता मोजायचं. दोन वेगवेगळे आकडे असतात आणि त्यांची गल्लत फार होते. एक म्हणजे नवा बर्फ, गेल्या 24 तासांत बोर्डवर जेवढा साठला तेवढा. दुसरा म्हणजे एकूण जाडी, जमिनीवर जुना-नवा मिळून आत्ता किती उभा आहे. हे दोन आकडे किती लांब जाऊ शकतात बघा, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट बेकर स्की एरियामध्ये 1998-99 च्या सीझनमध्ये सगळा मिळून 1,140 इंच, म्हणजे जवळपास 29 मीटर बर्फ पडला, हे पूर्ण सीझनच्या बर्फवृष्टीचं जागतिक रेकॉर्ड मानतात. पण म्हणून तिथे एका वेळी 29 मीटर बर्फ उभा होता असं नाही, तो दबत जातो, वितळतो, परत पडतो. उभ्या जाडीचं रेकॉर्ड वेगळं आहे, जपानमधल्या इबुकी पर्वतावर 14 फेब्रुवारी 1927 ला 11.82 मीटर मोजला गेला होता. तर वहीत दोन्हीसाठी वेगळे रकाने ठेवा आणि एकात दुसरा कधीही लिहू नका.

रोजची एक वेळ ठरवा, सकाळी 7 किंवा 8 ही सगळ्यात सोयीची, बऱ्याच देशांतले हौशी निरीक्षक साधारण याच वेळेला मोजतात. पट्टी बोर्डला टेकेपर्यंत सरळ उभी घाला, डोळा बर्फाच्या पातळीला आणून वाचा, वरून वाकून वाचलं की आकडा चुकतो. दोन-तीन ठिकाणी घालून सरासरी काढा. नवा बर्फ मिलिमीटरपर्यंत नाही तरी अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत तरी लिहा, एकूण जाडी पूर्ण सेंटिमीटरमध्ये लिहिली तरी चालते. मग बोर्ड झाडून साफ करायचा आणि परत ताज्या बर्फाच्या पातळीवर ठेवायचा, म्हणजे पुढच्या 24 तासांचा हिशोब शून्यापासून सुरू.

दुपारी पडून संध्याकाळपर्यंत वितळून गेला तर काय? तर वितळायच्या आधी जी सगळ्यात जास्त जाडी झाली होती ती त्या दिवसाचा नवा बर्फ. म्हणून बर्फ थांबला की लगेच जाऊन एकदा मोजून ठेवलेलं बरं, फक्त बोर्ड साफ करायचा तो ठरलेल्या वेळीच.

हे "ठरलेल्या वेळीच" एवढं का सांगतोय त्याला कारण आहे. ताजा बर्फ स्वतःच्याच वजनाने खाली बसत जातो. तुम्ही दर तासाला मोजून बोर्ड साफ केला आणि चोवीस आकड्यांची बेरीज केली, तर ती एकदाच मोजलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त भरणार, कारण दबायला वेळच दिला नाही. याचं खरं उदाहरण आहे. जानेवारी 1997 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माँटाग्यू या छोट्याशा गावात तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्यांमुळे 24 तासांत 77 इंच बर्फ मोजला गेला, म्हणजे जवळजवळ 196 सेंटिमीटर. कोलोरॅडोमधल्या सिल्व्हर लेकचं 1921 सालचं 75.8 इंचांचं रेकॉर्ड मोडलं अशी बातमी झाली. मग तज्ज्ञांच्या समितीने तपासलं तर मोजणी नियमापेक्षा जास्त वेळा झालेली निघाली. तिथला नियम असा की दिवसात फार तर चार वेळा, म्हणजे दर 6 तासांनी एकदा मोजून बोर्ड साफ करायचा. आकडा राष्ट्रीय रेकॉर्ड म्हणून नामंजूर झाला. बर्फ तर खरोखरच प्रचंड पडला होता, मोजणाऱ्याची मेहनतही खरी होती, पण दोन आकडे एकाच पद्धतीने मोजलेले नसतील तर त्यांची तुलनाच करता येत नाही. त्यामुळे दिवसातून एकदा मोजायचं ठरवलं असेल तर कायम एकदाच, मोठं वादळ आलं म्हणून त्या दिवशी उत्साहात चार वेळा करू नका.

वारा असेल तेव्हा बोर्डवर भरवसा ठेवता येत नाही, एकीकडे उघडी जमीन दिसते आणि दुसरीकडे कमरेएवढा ढीग. अशा वेळी आजूबाजूला आठ-दहा ठिकाणी पट्टी घालून सरासरी काढा आणि शेऱ्यात "वाऱ्याने उडालेला, सरासरी" असं लिहा. सगळ्यात उंच ढीग शोधून तोच आकडा लिहायचा मोह होतो, तो आवरा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त लोक सोडून देतात तो भाग, बर्फातलं पाणी. 10 सेंटिमीटर बर्फ म्हणजे 1 सेंटिमीटर पाणी असं सर्रास सांगितलं जातं, पण तो फक्त ढोबळ अंदाज आहे. ओला जड बर्फ असेल तर 5 सेंटिमीटरलाच 1 सेंटिमीटर पाणी निघतं, आणि कडाक्याच्या थंडीतला पिसासारखा बर्फ 20 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त लागतो. गावाला छपरं टिकतील का, वसंतात नदीला पूर येईल का, विहिरींना पाणी किती येईल, हे सगळं पाण्यावर ठरतं, जाडीवर नाही.

त्यासाठी सरळ उभ्या बाजूंचा पर्जन्यमापक लागतो, हौशी लोकांमध्ये 4 इंच व्यासाचा प्लास्टिकचा जास्त चालतो. हिवाळा सुरू झाला की त्याचं वरचं नरसाळं आणि आतली नळी काढून घरात ठेवायची, नुसतं बाहेरचं मोठं भांडं बाहेर ठेवायचं, नाहीतर बर्फ नरसाळ्यातच अडकतो आणि आतली नळी गोठून तडकते. सकाळी भांडं आत आणा, आतल्या नळीने मोजून कोमट पाणी ओता, समजा 10 मिलिमीटर, बर्फ वितळला की सगळं परत नळीने मोजा आणि ते 10 वजा करा. उकळतं पाणी ओतू नका, प्लास्टिक फुटेल.

पण वारा असला की बर्फाचे कण भांड्याच्या तोंडावरून वाहून जातात आणि आत कमी पडतो. म्हणून बोर्डवरून थेट नमुना घेणं चांगलं, तेच भांडं उलटं करून बोर्डवरच्या बर्फात सरळ खाली दाबायचं, खालून पातळ पत्रा सरकवायचा आणि उचलायचं. वितळायची वाट बघायची नसेल तर वजन करा. 10 सेंटिमीटर व्यासाच्या डब्याचं तोंड साधारण 78.5 चौरस सेंटिमीटर असतं, त्यात आलेला बर्फ 63 ग्रॅम भरला तर 63 भागिले 78.5, म्हणजे 0.8 सेंटिमीटर, 8 मिलिमीटर पाणी. त्या दिवशी बोर्डवर 12 सेंटिमीटर बर्फ होता असं धरलं तर प्रमाण 15 ला 1 आलं. आणि 1 मिलिमीटर पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर 1 किलो वजन, तेव्हा 8 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 8 किलो, आणि पूर्ण हिवाळ्याच्या साठलेल्या थरात 200 मिलिमीटर पाणी असेल तर सपाट छपराच्या एकेका चौरस मीटरवर 200 किलो! हा आकडा शेजाऱ्यांना सांगितला की त्यांनाही मोजणीचं महत्त्व पटतं.

ऑटोमॅटिक वेदर स्टेशन असेल तर छानच आहे, पण बर्फात त्याच्या पावसाच्या आकड्यावर विसंबू नका. त्या स्टेशनांमध्ये नरसाळ्याखाली एक छोटी झुलणारी वाटी असते, ती भरली की कलंडते आणि मोजणी होते. बर्फ पडताना तो नरसाळ्यात साचून राहतो, स्टेशन शून्य दाखवतं, आणि दोन दिवसांनी लख्ख ऊन पडलं की तो वितळून वाटी कलंडायला लागते, म्हणजे निळ्याभोर आकाशात स्टेशनवर 6 मिलिमीटर पाऊस! ते पाणी त्या दिवसाचं नाहीच. हाताने मोजलेला आकडा खरा धरा आणि तो खोटा पाऊस शेऱ्यात नोंदवा. सेन्सरवर बर्फ चिकटला की तापमानाची रेषाही 0 अंशाच्या आसपास सपाट होऊन बसते, अशी रेषा दिसली की ब्रश घेऊन बाहेर पडायचं.

तापमानाचं थोडक्यात. थर्मामीटर सावलीत, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर. बर्फाचा थर मीटरभर झाला की पेटी वर सरकवावी लागते, उंची बर्फाच्या पृष्ठभागापासून धरायची. भिंतीला टांगलेला थर्मामीटर घराची ऊब मोजतो, तो नको. दिवसाचं कमाल आणि किमान दोन्ही लिहा. पाऱ्याचा थर्मामीटर अतिथंड भागात कामाचा नाही कारण पारा उणे 39 अंशांच्या जवळ गोठतो, तिथे अल्कोहोलचा किंवा इलेक्ट्रॉनिक. आणि ताजा बर्फ, निरभ्र आकाश, वारा पडलेला, अशी रात्र असेल तर सकाळी किमान तापमान न चुकता बघा, गावाची रेकॉर्ड थंडी बहुतेक वेळा अशाच रात्री होते. ताजा बर्फ दिवसा बहुतेक ऊन परत फेकतो, रात्री उष्णता भराभर बाहेर सोडतो, आणि थंड जड हवा उताराने घरंगळत खोलगट भागात साठते, त्यामुळे दरीतलं आणि टेकडीवरचं घर यांच्यात सहज पाच-सहा अंशांचा फरक पडतो. म्हणून वहीत पेटी दरीत आहे की उंचावर ते लिहिलेलं हवं.

काय पडतंय हेही बघत जा, सगळं पांढरं म्हणजे एकच नाही. थर्माकोलच्या मण्यांसारखे मऊ गोळे पडतात ते वेगळे, पारदर्शक टणक दाणे पडून टणटण उडतात ते वेगळे, आणि पावसाचा थेंब पडल्या पडल्या काचेसारखा गोठतो तो तर सगळ्यात धोकादायक, त्याला बर्फात मोजायचं नाही, पाण्यात मोजायचं आणि फांदीवर काचेचा थर किती जाड झाला ते वेगळं लिहायचं. काळं मखमली कापड आधी बाहेर थंड करून ठेवा आणि त्यावर पडलेला कण भिंगातून बघा, श्वास मात्र बाजूला सोडा. नेचाच्या पानासारख्या सहा फांद्या दिसल्या तर वर ढगात उणे 15 अंशांच्या आसपास तो वाढला, आणि सुईसारखे बारीक कण आले तर उणे 5 च्या जवळपास. जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी 1936 मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण तयार केला आणि तापमान-आर्द्रतेनुसार आकार कसा बदलतो ते पद्धतशीर मांडलं. त्याच्याही आधी अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातल्या जेरिको या खेडेगावात विल्सन बेंटली या शेतकऱ्याने 1885 च्या जानेवारीत मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला, आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांवर फोटो काढले, सगळे आपल्याच गावात पडलेल्या बर्फाचे. छोट्या गावात बसून किती मोठं काम होऊ शकतं, बघा.

वहीकडे येऊ. पेन्सिल वापरा, ओल्या कागदावर शाई पसरते आणि थंडीत पेन चालत नाही. तारीख, वेळ, नवा बर्फ, एकूण जाडी, पाणी, कमाल, किमान, आणि शेऱ्याला मोठा रकाना. कण दिसले पण मोजण्याइतका थर झाला नाही तर "ट्रेस" लिहा. काहीच पडलं नाही तर 0 लिहा, जागा रिकामी सोडू नका. आणि बाहेरगावी होतात, मोजलंच नाही, तर "नोंद नाही" लिहा, तिथे 0 अजिबात नको. हा फरक किरकोळ वाटतो पण नंतर कुणी बेरीज करायला बसलं की यावरच सगळा खेळ अवलंबून असतो. चुकीचा आकडा खोडरबरने पुसू नका, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहा. शेऱ्यात पहिलं दहिवर, पहिला बर्फ, तळं पूर्ण गोठलं तो दिवस, बर्फ फुटला तो दिवस, शाळा बंद, रस्ता बंद, हे सगळं लिहा. तळ्याची नोंद काठावरूनच करायची, बर्फावर चालत जाऊन नाही.

अशा साध्या तारखांची ताकद केवढी असते! जपानमधल्या सुवा तळ्याच्या गोठण्याची नोंद तिथल्या शिंतो मंदिराचे पुजारी 1443 पासून ठेवत आलेत. फिनलंड आणि स्वीडनच्या सीमेवरच्या तोर्निओ नदीचा बर्फ कधी फुटतो याची नोंद 1693 मध्ये एका व्यापाऱ्याने सुरू केली आणि ती पुढे चालू राहिली. आज हवामान बदलाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ या नोंदी वापरतात, आणि त्या ठेवणाऱ्यांकडे कसलंही यंत्र नव्हतं.

तुमच्या गावाच्या जुन्या नोंदीही शोधा. लायब्ररीतले जुने पेपर, शाळेची रजिस्टरं, रस्ते साफ करणाऱ्या विभागाच्या डायऱ्या, पाणीपुरवठा, रेल्वे स्टेशन, आणि घराघरातले फोटो अल्बम. फोटोत खिडकी किंवा पायऱ्या दिसत असतील आणि ते घर अजून उभं असेल तर टेप घेऊन जाऊन उंची मोजता येते. म्हाताऱ्या माणसांना नुसतं "कुठल्या वर्षी जास्त होता" विचारू नका, "कुणाचं लग्न, कुणाचा जन्म त्या सुमारास" असं विचारा म्हणजे साल पक्कं होतं, आणि मग ते पेपरमध्ये पडताळून घ्या. जुना आकडा मिळाला की कुणी मोजला, कुठे मोजला, कितीदा मोजला हे शोधा, सापडलं नाही तर आकड्यापुढे तसं लिहून ठेवा.

रेकॉर्ड मोडलं असं जाहीर करताना "नोंद सुरू झाल्यापासून, अमुक सालापासून" हे शब्द जोडा, नाहीतर पाच वर्षांच्या वहीवर "इतिहासातला सर्वात मोठा" अशी हेडलाइन होते. सरासरी काढायची तर हवामानशास्त्रात 30 वर्षांची धरतात, सध्या 1991 ते 2020, तेवढी वर्षं होईपर्यंत तुमच्या सरासरीला फक्त "आतापर्यंतची सरासरी" म्हणा. आणि बेरीज कॅलेंडर वर्षाची नको. उत्तर गोलार्धात एक हिवाळा दोन वर्षांत विभागलेला असतो, म्हणून जुलै ते जून असा सीझन धरून 2024-25 असं लिहितात.

आकडे वहीतच ठेवू नका, कुठेतरी पाठवा. अमेरिकेत सरकारी हवामान खात्याचं स्वयंसेवक निरीक्षकांचं जाळं 1890 पासून चालू आहे. कोकोराझ नावाचं दुसरं जाळं 1998 मध्ये कोलोरॅडोत सुरू झालं, आदल्या वर्षी फोर्ट कॉलिन्स शहरात पूर आला तेव्हा शहराच्या एका टोकाला किती पाऊस झाला ते दुसऱ्या टोकाला कळलंच नव्हतं, त्यातून हे उभं राहिलं आणि आता कॅनडातही चालतं. तुमच्या देशाच्या हवामान खात्याला विचारा, बहुतेक ठिकाणी अशी काहीतरी सोय असते.

शेवटी वहीचं पहिलं पान. त्यावर जागेचा अक्षांश-रेखांश, उंची, बोर्ड आणि पेटीचा चारी दिशांनी काढलेला फोटो, मोजायची वेळ, वापरलेली साधनं. शेजारी झाड वाढलं, नवं घर उभं राहिलं, थर्मामीटर बदलला तर तारखेसकट तिथेच लिहायचं. जागा बदलावीच लागली तर निदान एक हिवाळा जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणी मोजा म्हणजे फरक किती ते कळतं. आणि दर सीझन संपला की वहीच्या पानांचे फोटो काढून एक कॉपी गावच्या लायब्ररीत द्या.